डावीकडे बिशप

बिशप उचलून डोळ्याला लावला तेव्हा डोळ्याला काहीच कळलं नाही. कळलं ते अंगठ्याला. बिशप म्हणजे माझा जुना डीएसएलआर कॅमेरा, जड, काळा, गंभीर. त्याच्या व्ह्यूफाइंडरच्या उजव्या अंगाला वाटाण्याएवढं एक दातेरी चाक आहे. ज्याची नजर जशी असेल तसं ते फिरवून घ्यायचं, म्हणजे चष्म्याशिवाय आत नीट दिसतं. माझं चाक मार्च महिन्यापासून एका टोकाला, पार अडेपर्यंत फिरवलेलं होतं. पुढे जायला जागाच नव्हती; असती तर गेलो असतो. आणि आज मागच्या व्हरांड्यात, जुलैच्या, म्हणजे आमच्याकडच्या हिवाळ्याच्या, पांढुरक्या उन्हात, सवयीने अंगठा तिथे गेला तर चाक मधोमध. म्हणजे कुणीतरी माझ्या कॅमेऱ्याला डोळा लावला होता. आत सगळं धुरकट दिसल्यावर चाक चाचपलं होतं, ते टोकाला अडलेलं आहे हे ओळखलं होतं, आणि आपल्या धडधाकट डोळ्याला हवं तसं फिरवून घेतलं होतं. आणि मला काय दिसत होतं? जे चाक टोकाला असताना दिसायचं तेच. शेजाऱ्याचं कुंपण, मधोमध पोट सुटलेलं. चाक इकडे असो की तिकडे, माझ्या डोळ्याला आता फरक पडत नव्हता, हेही मला त्याच क्षणी कळलं. घरात माणसं दोन, त्यातला एक मी.

ग्लेनिस आत टोस्ट खरवडत होती. टोस्ट जळला तर टाकायचा नाही, सुरीने काळं खरवडून काढायचं आणि मला द्यायचा, ही तिची बेचाळीस वर्षांची पद्धत. खर्र, खर्र, एका लयीत. मी कान देऊन ऐकलं. एवढं मोठं काही कळलेल्या बाईच्या हाताची लय थोडी तरी चुकायला हवी होती. चुकली नाही. मी विचारू शकलो असतो, बिशपचं चाक तू फिरवलंस का गं? एवढं विचारायला काय लागतं? पण ते विचारलं की पुढचा प्रश्न तिचा, आणि तिचा प्रश्न मला नको होता. मी चाक पुन्हा टोकाला नेऊन ठेवलं. लगेच वाटलं, हा काय मूर्खपणा, आता तिने परत बघितलं तर तिला कळेल की मला कळलंय. म्हणून परत मधे आणलं. म्हातारा माणूस उन्हात बसून एक वाटाण्याएवढं चाक पुढे-मागे करतोय, आणि आत बायको टोस्ट खरवडतेय. कोणी फोटो काढला असता तर मी त्याला पंधरापैकी सात दिले असते.

डोळ्यांचं सांगतो, एकदाच. मधला भाग गेलाय, दोन्हींचा. कुणी लोणी लागलेला अंगठा लेन्सवर मधोमध दाबावा तसं. कडेचं सगळं शाबूत आहे. जिथे बघायला जावं तिथे तो डाग. मार्चपासून मी ग्लेनिसचा चेहरा पाहिलेला नाही. तिचे कान दिसतात, केस दिसतात, गळ्यात अडकवलेली चष्म्याची दोरी दिसते, आणि चेहरा असायचा तिथे राखाडी काहीतरी हलतं नि बोलतं. आधी वाईट वाटलं, मग सवय झाली. खरं सांगायचं तर चेहऱ्यापेक्षा जास्त मला रेघांचं वाईट वाटलं. मी इथल्या, न्यूकॅसलच्या, पोलादाच्या कारखान्यात, तो बंद पडेपर्यंत, ड्रॉइंग बोर्डावर सरळ रेघा मारत जन्म काढला; आता दाराची चौकट माझ्यासमोर वाकडी होऊन वाकुल्या दाखवते. बंदरात कोळशाची जहाजं येतात त्यांच्या डोलकाठ्या मधेच लचकतात. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोळ्याचा पडदा मधोमध झिजतोय, कोरड्या जातीचं आहे, यावर सुई नाही, ऑपरेशन नाही, हळूहळू वाढत जाईल. घरी कुणी आहे ना, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आहे. घरी येऊन ग्लेनिसला सांगितलं की गुडघ्याची तपासणी झाली, गाडी चालवू नका म्हणाले. ती बरं म्हणाली आणि किल्ल्या आपल्या पर्सच्या कप्प्यात टाकल्या. त्या बरं म्हणण्याकडे मी तेव्हा लक्ष द्यायला हवं होतं.

आता हे कुणाला का सांगायचं नव्हतं? कारण मी परीक्षक आहे. आमच्या कॅमेरा क्लबाची रीत अशी की महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी बोलिंग क्लबाच्या मागच्या खोलीत जमायचं. प्रत्येकाने नाव झाकून आपलं प्रिंट द्यायचं. एक जण ते दिव्याखालच्या लाकडी घोडीवर चढवतो, आणि परीक्षक सगळ्यांदेखत त्याची चिरफाड करतो. ज्याचं चित्र असतं त्याने चेहरा दगडाचा करून, हातात सॉसेज रोल धरून ऐकायचं. मग पंधरापैकी गुण. न्यूकॅसलपासून मेटलंडपर्यंत आणि तिकडे नेल्सन बेपर्यंत असे जेवढे क्लब आहेत तेवढ्यांत नेव्हिल ट्रँटर हे नाव काढलं की लोकांच्या पोटात गोळा येतो. येऊ दे. मी कुणाच्या वयाकडे बघितलं नाही, कुणाच्या नुकत्या मेलेल्या आईकडे बघितलं नाही. मार्शा नावाची एक बाई आईचा शेवटचा फोटो घेऊन आली होती. मी म्हटलं, दुःख खरं आहे, फोकस खोटा आहे. खोली हसली. मार्शा बाथरूममध्ये जाऊन बसली, पण पुढच्या महिन्यात ट्रायपॉड घेऊन आली. 'शार्प नाही' हे दोन शब्द मी ज्या चवीने म्हणायचो त्या चवीने लोक दारू पीत नाहीत. आणि गंमत बघा, डोळे गेल्यापासून मी तो शब्द टाकून दिला. प्रकाशाबद्दल बोलतो, भावाबद्दल बोलतो, मान तिरकी करून डोळ्याच्या कोपऱ्यातून रंगाचे ढीग बघतो आणि लांबलचक गप्प बसतो. तर लोक म्हणायला लागले, नेव्ह म्हातारपणी खोल झाला. तिरक्या मानेची नक्कल करणारे दोघे तिघे निघाले. पण हे उघड झालं असतं तर? परीक्षक नसलेला नेव्हिल ट्रँटर म्हणजे गुडघा न दुखता लंगडणारा एक पेन्शनर. तेवढा होऊन मला जगायचं नव्हतं, आणि यात मी काहीही वाढवून सांगत नाही.

माझं तोंड मला नडलं. गेल्या नोव्हेंबरात क्लबाचा अध्यक्ष डॅरिल पोकॉक म्हणाला की नव्या मेंबरांना आरसा नसलेले महागडे कॅमेरे परवडत नाहीत, ते जुने डीएसएलआर शोधत फिरतात, तर कोणता कशासाठी घ्यावा ते एका दुपारी दाखवू या. मी म्हटलं, आमच्या घरात दोन आहेत, एकाच वर्षीचे, एकमेकांच्या पार उलट. एकाच विषयाचे दोन्हींचे फोटो शेजारी शेजारी घोडीवर लावा, मागे काही लिहू नका, मी खुर्चीतून न उठता कोणता कशाचा ते सांगतो. तेव्हा डोळ्यात नुसतं धुकं होतं, चष्म्याचा नंबर वाढला असेल असं वाटत होतं. टाळ्या पडल्या. तारीख ठरली ऑगस्टमधल्या शनिवारची.

दोन कॅमेरे म्हणजे माझा बिशप आणि ग्लेनिसचा टेरियर. नावं मीच ठेवली. बिशपचा सेन्सर जुन्या फिल्मएवढा मोठा. माणूस समोर बसवा, खिडकीचा उजेड एका गालावर घ्या, आणि बिशपला त्याच्या वेळेने काम करू द्या. कातडी कातडीसारखी येते, डोळा धारदार आणि कानापासून मागे सगळं विरघळत गेलेलं. डोंगर, खडक, चेहरे, उभं राहणारं जे जे काही. पण त्याला घाई करायची नाही. फोकस शोधताना तो इकडे तिकडे बघतो, धप्प असा एक आवाज करतो, आणि मग बराच वेळ स्वतःशीच विचार करत बसतो. टेरियरचं उलटं. सेन्सर लहान, म्हणून त्याच लेन्समधून लांबचं जास्त जवळ येतं. फोकस एकदा धरला की सोडत नाही, सेकंदाला आठ फोटो, तडतडतडतड. लाटांवरची पोरं, कुत्री, पक्षी, जे थांबत नाही ते सगळं त्याचं. चेहऱ्याला मात्र तो घासलेल्या भांड्याची कळा आणतो, आणि उजेड कमी झाला की चित्रात वाळू पडते. आवाजावरून मी झोपेतसुद्धा दोघांना ओळखेन. पण कागदावरचं चित्र आवाज करत नाही.

आणि फोटो काढणार होती ग्लेनिस, कारण माझा गुडघा. माझ्याच खोट्याने बिशप तिच्या हातात गेला. ती रोज सकाळी दोघांना गळ्यात अडकवून मेरेवेदरच्या समुद्रकाठच्या तलावावर जायची, दुपारी खारट होऊन परत यायची, आणि वरच्या खोलीत कंप्युटरशी बसायची. मी विचारलं की काय काय मिळालं, तर म्हणायची, परीक्षकाने आधी बघायचं नसतं, तुझाच नियम. माझाच होता. प्रिंटं कापून, पुठ्ठ्यावर चढवून तिने पेटीत बंद केली. पुठ्ठ्याच्या मागे नखाने एखादी खूण करावी असं माझ्या मनात आलं होतं, पण पेटीचं कुलूप मला हाताने चाचपावं लागलं आणि माझी मलाच लाज वाटली. पेटी जिन्याखाली होती. मी जिन्यावरून जाता येता तिच्याकडे बघायचो, म्हणजे तिच्या शेजारी बघायचो.

तिने चाक बघितलंय. तरी गप्प आहे. का? जेवताना मी तिचं बोलणं उलटसुलट करून बघायचो. मटणाची चॉप माझ्या ताटात हाड उजवीकडे ठेवून यायला लागली होती, की ती आधीपासून तशीच यायची? मीठ माझ्या हाताशी असायचं. एकदा ती म्हणाली, पुढची पायरी ओली आहे. पायरी ओली होतीच. पण ती पायरी बेचाळीस वर्षं ओली होत आलीये, तेव्हा कधी बोलली नव्हती. मला दया दाखवत असेल तर तिचा गळा धरावासा वाटायचा, आणि दया नसेल तर मग काय आहे, या विचाराने मी ताट अर्धं टाकून उठायचो. कारण तिच्याकडे कारण होतं. मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे तिला ठाऊक होतं.

ते कारण असं. तेरा वर्षांपूर्वी टेरियर नवा होता तेव्हा ग्लेनिसने पहिल्यांदा क्लबात चित्र दिलं. मेरेवेदरच्या तलावात सूर मारून चोचीत मासोळी घेऊन वर येणारा सुरय पक्षी. नाव झाकलेलं होतं, पण ते प्रिंट दोन दिवस आमच्याच टेबलावर वाळत पडलं होतं, त्याच्याशेजारी मी पॉरिज खाल्लं होतं. परीक्षक मी. घोडीवर ते चढलं आणि माझ्या आत काहीतरी आनंदाने ताठ झालं. घरच्या माणसाला सोडलं असं कुणी म्हणायला नको, हा एक भाग. दुसरा भाग असा की चित्र चांगलं होतं, माझ्या कोणत्याही चित्रापेक्षा जिवंत होतं, आणि फक्त चोचीपाशी केसभर हललं होतं. मी आधी पाण्याचं कौतुक केलं. मी नेहमी तसंच करतो, आधी आभाळाचं किंवा पाण्याचं कौतुक, माणूस खुर्चीत जरा सैल झाला की मग सुरी. मग म्हटलं, पण पक्षी शार्प नाही, आणि पक्ष्याच्या चित्रात पक्षी शार्प नसेल तर उरतं काय? ज्याने हे काढलं त्याने दोन सुया घ्याव्यात आणि विणायला बसावं. पंधरापैकी चार. खोली इतकी हसली की चहाचं भांडं वाजलं. ग्लेनिसही हसली. घरी येताना गाडीत ती खिडकीबाहेर बघत होती. दुसऱ्या दिवशी ती दुकानात जाऊन लोकर घेऊन आली.

तेव्हापासून क्लबाच्या प्रत्येक दुपारी ती पहिल्या रांगेत बसून विणते. मी बोलत असतो आणि सुया चालू असतात, टिक टिक. चित्र तिने परत कधी दिलं नाही. टेरियर घेऊन तलावावर जाणं मात्र सोडलं नाही, थंडी असो वारा असो. त्या सुया म्हणजे सूड की नुसता छंद, हे मी तेरा वर्षांत विचारलं नाही. मला जे स्वेटर मिळाले ते सगळे मी घातले. चांगले उबदार आहेत.

शनिवारी पश्चिमेचा बोचरा वारा सुटला होता. मी गाडीत तिच्या शेजारी बसलो, तिने पेटी मागच्या सीटवर ठेवली, पट्टा लावला, आणि किल्ली फिरवायच्या आधी थांबली.

"नेव्ह," ती म्हणाली, "दोन जोड्या आहेत. आधी चेहरा, मग पक्षी. दोन्ही वेळा डावीकडे बिशप असेल. तू बसतोस तिथून डावीकडे."

मी म्हटलं, "मला डोळे आहेत."

"तुला काय आहे ते मला माहीत आहे," ती म्हणाली आणि गाडी सुरू केली.

बस, इतकंच. ना रडारड, ना का लपवलंस. तिचा आवाज दुधाची बाटली आणायला सांगतानाचा होता. आणि माझ्या डोक्यात चक्र सुरू झालं. डावीकडे बिशप. दोन्ही वेळा डावीकडे कोण ठेवतं? एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे ठेवतील ना, ओळखायचा खेळ आहे तर! की मला लक्षात ठेवायला सोपं जावं म्हणून? म्हणजे आता मी एवढा खुळा झालो की दोन गोष्टी लक्षात राहणार नाहीत? बोलिंग क्लबाच्या दाराशी उतरताना तिने माझा कोपर धरला आणि मी तो सोडवून घेतला. मग माझ्या लक्षात आलं की तिच्या खांद्याला पेटी आहे, पर्स आहे, पण लोकरीची पिशवी नाही. तेरा वर्षांत पहिल्यांदा ती विणकाम घरी ठेवून आली होती. आज तिला दोन्ही हात मोकळे हवे होते.

खोली भरली होती. चहाच्या भांड्याची वाफ, खिम्याच्या पॅटिसचा वास, ओल्या कोटांचा वास. डॅरिलने माझ्या पाठीवर थाप मारली, आज म्हाताऱ्याची परीक्षा, म्हणाला, आणि लोक हसले. मार्शा कुठेतरी मागे होती, तिच्या खोकल्यावरून कळलं. मला घोडीसमोर खुर्ची दिली. दिवा लागला. ग्लेनिसने पहिली जोडी चढवली; तिच्या बोटांचा पुठ्ठ्यावर आवाज झाला, एक डावीकडे, एक उजवीकडे. मी मान तिरकी केली. दोन फिकट गोळे, वर पांढरं, म्हणजे केस. तलावावर रोज पोहायला येणारा आर्ची असणार. दोन आर्चींमध्ये मला तिळमात्र फरक दिसत नव्हता. हा क्षण फार वाईट होता. दुसरं काही हातात नव्हतं म्हणून मी तिचं ऐकलं.

मी म्हटलं, डावीकडे बिशप. बघा, गालावरचा उजेड कसा उतरत जातोय, कुठे पायरी नाही. कातडीला ओलावा आहे. उजवीकडचा टेरियर, तोच म्हातारा, पण घासून पुसून ठेवलेला. चेहरे काढायचे असतील, लग्नं काढायची असतील, तर हा जड दगड गळ्यात घाला नि मान दुखली तर मला शिव्या द्या. डॅरिल म्हणाला, बरोबर. टाळ्या पडल्या. माझ्या पाठीवर घाम सुटला होता तो गार झाला. तिने खरं सांगितलं होतं.

ग्लेनिस पहिली जोडी उतरवत होती आणि टाळ्या अजून चालू होत्या, तेवढ्या वेळात मी स्वतःचा सत्यानाश केला. आत्ता विचार केला तरी प्रत्येक पायरी मला चोख वाटते. पहिलं खरं सांगितलं, का? मी सैल व्हावं म्हणून. आधी पाण्याचं कौतुक. हे माझंच हत्यार होतं, तेरा वर्षं पहिल्या रांगेत बसून, सुया चालवत, तिने ते शिकून घेतलं होतं. चेहऱ्याला तिला काय पडलं होतं? चेहरा माझा प्रांत. पक्षी तिचा. सूड घ्यायचा तर पक्ष्यावरच घेणार, तोच पक्षी, तीच खोली, तीच घोडी. मी तिच्या जागी असतो तर असंच केलं असतं. आणि मी तिच्या जागी असतो तर, हे वाक्य मनात आलं की मला शंकाच उरली नाही, कारण दुसऱ्या कुणाच्या जागी कसं असायचं ते मला एवढंच ठाऊक आहे. दुसरी जोडी चढली. खोलीत कुणीतरी हळूच श्वास आत घेतला. कुणीतरी 'बापरे' म्हणालं. दोन निळे चौकोन, दोघांत एकेक पांढरा फराटा. ग्लेनिस घोडीच्या बाजूला उभी राहिली. तिचे हात रिकामे होते, ते तिने कुठे ठेवले ते मला दिसलं नाही.

मी उठून उभा राहिलो. बसून सांगण्यात मजा नव्हती. "इथे डाव बदललाय," मी म्हटलं, "डावीकडे टेरियर आहे. पंखाची पिसं मोजून घ्या. पाण्याचा थेंब न् थेंब सुटा. पळणाऱ्याच्या मागे पळणारा कॅमेरा. आणि उजवीकडे आमचा बिशप, बिचारा. चर्चमध्ये बसणाऱ्या प्राण्याला समुद्रावर पळवलंत तर दुसरं काय होणार? पक्षी कुठे संपतो आणि पाणी कुठे सुरू होतं, पत्ता नाही. शार्प नाही." किती दिवसांनी म्हटला तो शब्द! जिभेवर तो तसाच्या तसा होता. आणि मग, जुन्या मेंबरांना आठवत असेल, हसतील, म्हणून, आणि तिलाही कळावं की मी फसलो नाही म्हणून, मी म्हटलं, "उजवीकडचं ज्याने काढलं त्याने दोन सुया घ्याव्यात आणि विणायला बसावं."

कुणी हसलं नाही. चहाचं भांडं तेवढं खदखदत होतं. मी हसण्याची वाट बघत उभा राहिलो, जरा जास्तच वेळ. मग डॅरिलचा आवाज आला, खाली उतरलेला, हॉस्पिटलात काढतात तसला. "नेव्ह, जरा जवळ येऊन बघतोस का?" मी गेलो. नाक कागदाला लागेपर्यंत गेलो. उजव्या प्रिंटाला शाईचा वास येत होता. मधोमध लोण्याचा डाग होता आणि डागाच्या कडेने निळं, अतिशय सुंदर निळं. मी मान डावीकडे तिरकी केली, उजवीकडे केली. मागे पन्नास माणसं माझी मान बघत होती. डाव्या चित्रात नुसता पांढरा फराटा आहे, पिसं नाहीतच, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला दिसत होतं, अगदी आजच आलेल्या नव्या पोरीलासुद्धा. "ठीक आहे," डॅरिल म्हणाला, "चहा घेऊ या आपण. चला, चहा घ्या सगळ्यांनी."

लोक किती चांगले वागले म्हणून सांगू! मी त्यांच्या जागी असतो तर एकेकाला सोललं असतं. खुर्ची सरकवून माझ्या पायाशी आणली. वाटेतली पिशवी कुणीतरी उचलली. मग मार्शा आली, तिच्या अत्तराचा वास मला ठाऊक आहे, आणि तिने माझ्या हातात चहाचा मग दिला. देताना तिने त्याचा कान वळवून नेमका माझ्या बोटांत बसवला. "गरम आहे हं, नेव्ह," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात कुठेही सुरी नव्हती. मी शोधली. दुसऱ्या हातात लॅमिंग्टन, खोबऱ्यात घोळवलेला चॉकलेट केक, ठेवला आणि म्हणाली, खोबरं सांडेल, खाली रुमाल धर. डॅरिल शेजारी बसला आणि म्हणाला की परीक्षकांच्या यादीचं तो बघून घेईल, मी कुठे काही कळवायला नको, इतकी वर्षं क्लबासाठी झिजलास तू. म्हणजे माझं नाव माझ्यासमोर, माझ्या हातात लॅमिंग्टन असताना, पुसून झालं. मी म्हटलं, बरं. ग्लेनिससारखंच बरं म्हटलं मी. पलीकडे घोडीभोवती लोक जमले होते आणि हळू आवाजात, आजारी माणसाच्या घरात बोलावं तसं, ग्लेनिसचं अभिनंदन करत होते. हे तू काढलंस? किती वर्षं लागली गं? ती काय म्हणाली ते ऐकू आलं नाही.

गाडीत तिने पेटी मागे ठेवली, पट्टा लावला. मग माझाही लावला, मला शोधावा लागायच्या आत. वारा गाडीला ढकलत होता. मी काचेकडे बघत होतो, म्हणजे काचेच्या शेजारी.

"मला वाटलं तू फसवशील," मी म्हटलं.

"माहीत आहे," ती म्हणाली.

एवढंच. तिने खरं सांगितलं होतं, दोन्ही वेळा, सरळ, मी विचारलंही नसताना. आणि मी ते खरं मानणार नाही हेही तिला गाडीत बसतानाच माहीत होतं. खोटं बोलायची तिला गरजच पडली नाही. माझ्या डोळ्यांत मूर्खासारखं पाणी आलं. रडायला डोळ्याचा मधला भाग लागत नाही. मला एकदम ते चित्र बघायचं होतं. त्या खोलीत मी एकटा होतो ज्याला ते दिसलं नव्हतं, आणि तिने ते तेरा वर्षं, रोज सकाळी, पाण्याच्या कडेला उभं राहून कुणासाठी काढलं होतं, हे तिच्या तोंडून ऐकायचं होतं. मी हात पुढे केला. तिची बाही माझ्या बोटांना लागली, लोकरीची.

"ग्लेनिस, उजवीकडच्यात काय होतं गं?" मी विचारलं, "सांग ना, कसं आलंय?"

तिने किल्ली फिरवली. गाडी मागे घ्यायला मान वळवली तेव्हा तिचा चेहरा अगदी माझ्याजवळ आला असणार.

"चार," ती म्हणाली. "पंधरापैकी."